उमेआजींच्या सुनेचा बुधवार

बुधवारी पावणेनऊला म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्राची पांढरी गाडी यायची आणि तामिएच्या सासूला, उमेआजींना, दिवसभरासाठी घेऊन जायची. गाडी वळणापलीकडे गेली की तामिए दार लावायची आणि घरात पाच मिनिटं नुसती उभी राहायची. मग शिवणाच्या कपाटातून कापडी पिशवी काढायची. पिशवीत दोन टॉवेल, एक कंगवा आणि मुळ्याच्या लोणच्याची डबी. नऊ चाळीसच्या बसने खोऱ्याच्या वरच्या टोकाला, कुराताया सरायीत जायचं, गरम झऱ्याच्या कुंडात बसायचं आणि अडीचच्या बसने परत यायचं. सव्वाचारला सासूची गाडी दारात थांबायची तेव्हा तामिए अंगणात झाडू घेऊन उभी असायची, जशी काही सकाळपासून तिथेच आहे. दोन वर्षं हे असं चाललं होतं आणि घरात कोणालाही पत्ता नव्हता.

यात लपवण्यासारखं काय, असं विचारणारा माणूस आमच्या खोऱ्यात कधी सून म्हणून नांदलेला नसणार. सून दमली तर चालतं. दमले म्हणून सांगितलं की ती सून नाटकी ठरते. गावातल्या पंधरा बायकांनी तिला 'आमच्या वेळी' अशी सुरुवात करून गोष्टी ऐकवल्या असत्या, आणि त्यातल्या निम्म्या खऱ्या असत्या हे आणखी वाईट. म्हणून तामिएने तोंड मिटलं आणि बस पकडली.

ती सव्विसाव्या वर्षी समुद्राकाठच्या गावाहून लग्न होऊन इथे आली, त्याला आता तेहतीस वर्षं झाली. नवरा शिगेनोरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता. साठाव्या वर्षी निवृत्त झाला आणि दुसऱ्याच सोमवारी त्याच कचेरीत, त्याच खुर्चीवर, कमी पगारावर पुन्हा रुजू झाला. बिचारा वाईट नव्हता. घरातलं दिसत नसे, एवढंच. मुलगा लांबच्या शहरात होता आणि नववर्षाला फोन करायचा. घरात दिवसभर राहायच्या दोघी.

उमेआजींचं वय सत्त्याऐंशी. सहा वर्षांपूर्वी त्यांनी पहिल्यांदा मासा टेबलाच्या खणात ठेवला तेव्हा सगळे हसले होते. आता कोणी हसत नसे. "भात लावला का?" हे त्या सकाळपासून दुपारपर्यंत चाळीस वेळा विचारत. तामिए स्वयंपाकघरात गेली की मागे, अंगणात गेली की मागे. ती संडासात गेली तर म्हातारी दाराबाहेर उभी राहून कडी वाजवायची. दुकानात न्यावं तर येताना बाहीत बिस्किटं सापडायची आणि परत जाऊन कमरेत वाकून माफी मागावी लागायची. त्यामुळे दुकान बंद, शेजार बंद, माहेर तर केव्हाच बंद. दाराला बाहेरून कुलूप नव्हतं, पण असतं तरी काही फरक पडला नसता.

राहिला बुधवार.

कुराताया म्हणजे काही मोठी सराय नव्हे. मुक्कामाचे पाहुणे पुढच्या दाराने येतात, त्यांच्यासाठी तीन वाजता सपाता ओळीने मांडल्या जातात. दिवसाची अंघोळ करून जाणाऱ्यांना बाजूचं दार, आणि सपाता मांडायच्या आत त्यांनी निघून जायचं अशी रीत. हे लोक कोण असतात ते तामिएला लवकरच कळलं. मंगळवारी केशकर्तनवाल्या बायका येतात, कारण त्यांची दुकानं बंद. बुधवारी जमिनीचे दलाल; आमच्याकडे बुधवार हा पाण्याचा वार, त्या दिवशी केलेला सौदा वाहून जातो म्हणून ते कामच करत नाहीत, आणि चटईच्या मोठ्या खोलीत उशाला उशी दुमडून घोरत पडतात. सफरचंदाची तोडणी संपली की बागवाल्या येतात. एक बाई यायची, ती आधी अर्धा तास आपल्या मोटारीत नुसती बसून राहायची, मग आत यायची, आणि अंघोळीनंतर पुन्हा अर्धा तास मोटारीत. सगळ्यांना विचारलं तर सगळे सांगणार, पाठ दुखते. पाठ काय, घरोघरी दुखते. पण पाठीच्या नावाखाली माणसं काय काय घेऊन येतात ते पाण्यालाच ठाऊक.

पाण्यात शिरलं की कोणाचं नाव कोणाला माहीत नसतं. कपड्यांबरोबर तेही टोपलीत राहतं. तामिएला हेच आवडायचं. शेजारी कोणी अनोळखी बाई बसली आणि "कुठून आलात?" म्हणाली, की तामिए तोंडाला येईल ते सांगायची. एकदा ती निवृत्त शिक्षिका होती, लग्न न केलेली. एकदा तिने नवऱ्याला तीन वर्षांपूर्वी अग्नी दिला. त्या दिवशी बसमध्ये तिला फार अपराधी वाटलं आणि रात्रीच्या जेवणात तिने शिगेनोरीला माशाचा मोठा तुकडा वाढला.

आता ती पकडली कशी गेली ते सांगायला हवं, कारण त्यात दोष तिच्या चांगल्या वळणाचाच होता.

शिगेनोरीची थोरली बहीण नोबुए खालच्या शहरात असायची. तिच्या सासरची सफरचंदांची बाग. नोव्हेंबरात तिने एक पेटी पाठवली. आपल्याकडे आलेल्या पेटीला काही न पाठवता गप्प बसणं म्हणजे नाक कापून घेणं. आठवड्याच्या आत काहीतरी उलट जायलाच हवं. तामिएला बाजारात जायला मिळायचं ते फक्त बुधवारी, आणि नेमकी बुधवारी गावातली मिठाईची दुकानं बंद. शेवटी तिने सरायीच्या काउंटरवरून पुरण भरलेल्या, काळ्या साखरेच्या वाफवलेल्या बनांचा डबा घेतला. घरी येऊन सरायीचं नाव छापलेला कागद सोलून काढला, जपून ठेवलेल्या दुसऱ्या साध्या कागदात डबा नीट बांधला आणि गुरुवारी पोस्टाच्या माणसाच्या हाती दिला.

नोबुएच्या नवऱ्याला मधुमेह. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक डबा ती उलटा करून बारीक अक्षरं वाचायची. डब्याच्या बुडाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर साखर किती, कोणी केलं आणि कोणत्या तारखेला, सगळं होतं. शुक्रवारी फोन आला.

"तामिए, बुधवारी तू कुरातायाला गेली होतीस?"

दोन वर्षं तामिएने या प्रश्नाचं उत्तर तयार करून ठेवलं होतं आणि आता त्यातला एक शब्द आठवेना.

"अगं, मग सांगायचं नाही का!" नोबुए एकदम हळवी झाली. "आईला कुंडाचं किती वेड! कापणी झाली की बाबा आम्हाला न्यायचे, ही पाण्यातून निघायलाच तयार नसायची. तिला झेपेल का, पायऱ्या किती, हे बघायला तू एकटी आधी जाऊन आलीस ना? कोण करतं गं एवढं सासूसाठी."

यावर खरं बोलायला एक क्षण मिळाला होता. तामिए म्हणाली, "हो, ताई."

त्या एका 'हो'ने सगळं संपलं. ओरडा खाल्ला असता तर निदान भांडता आलं असतं. कौतुकाशी कसं भांडणार? नोबुएने भावाला फोन केला, भावाला भरून आलं. इतकी वर्षं आपण आईसाठी काही केलं नाही हे त्याला एकदम दिसलं, आणि पुरुषाला एकदा असं काही दिसलं की तो लगेच वेळापत्रक बदलतो. त्याने कचेरीत आपली रविवारची सुटी बुधवारी करून घेतली. केंद्राला कळवलं, आई आता बुधवारी येणार नाही, आम्ही घरचेच तिला कुंडावर नेऊ. केंद्राच्या बाईने सांगितलं की जागेसाठी रांग आहे. महिनाभर तुमची राखून ठेवते, चौथ्या बुधवारी पाचपर्यंत सांगा, नाहीतर दुसऱ्याला देईन. शिगेनोरी म्हणाला, हवं तर आत्ताच द्या. बाई म्हणाली, नियम आहे. त्या नियमाला तामिएने मनातल्या मनात हात जोडले.

चार बुधवार. त्याच्या आत तिने तोंड उघडलं नाही तर बुधवार गेला तो गेला. म्हातारी आहे तोवर गेला, आणि म्हातारीचं काळीज घोड्यासारखं आहे असं डॉक्टर कौतुकाने सांगत.

पहिल्या बुधवारी त्यांनी घरच्यांसाठी असतं ते छोटं वेगळं कुंड राखून ठेवलं होतं. शिगेनोरीने मोटार दारापर्यंत नेली, आईला हात दिला, आणि मग साहजिकच पुरुषांच्या बाजूला गेला. तामिएने सासूचे सात कपडे काढले. स्टुलावर बसवलं, पाठ घासली, बोटांच्या बेचक्या धुतल्या, कुशीत धरून पाण्यात उतरवलं, दहा मिनिटांनी तसंच बाहेर काढलं, पुसलं, सात कपडे चढवले. या सगळ्यात तिचे स्वतःचे खांदे पाण्यात बुडाले नाहीत. शिगेनोरी तासाभराने उकडलेल्या खेकड्यासारखा लाल होऊन बाहेर आला, दुधाची बाटली एका दमात प्यायला आणि म्हणाला की हे आपण आधी का नाही सुरू केलं. काउंटरवरचा माणूस दोन वर्षं तिला नुसती मान लववायचा. त्या दिवशी तो म्हणाला, "सासूबाईंना घेऊन आलात? वा." तामिएला त्याच्या तोंडावर टॉवेल फेकावासा वाटला. तिने कमरेत वाकून आभार मानले.

दुसरा बुधवार तसाच. सरायीच्या वाटेवर तिने वाक्य जुळवलं, परतीच्या वाटेवर ते तुटलं. शिगेनोरी गाडी चालवताना आईला लहानपणीची गाणी म्हणून दाखवत होता. त्याला सांगायचं तरी काय? तुझ्या आईपासून मला एक दिवस दूर राहायचंय? हे वाक्य तिला खोऱ्याच्या भाषेत बसवता येईना. तिसऱ्या बुधवारी बर्फ पडला आणि तिने चक्क प्रार्थना केली की रस्ता बंद होऊ दे. रस्ता उघडा होता. रविवारी शिगेनोरी कामावर असल्यामुळे आता रविवारीही घरात दोघीच. आठवड्याला पूर्वी एक खिडकी होती, ती बुजवून वर छान रंग दिला होता, आणि रंग देणारी सगळी तिचीच माणसं होती.

चौथ्या बुधवारी छोटं कुंड मिळालं नाही. मुक्कामाच्या कोण्या कुटुंबाने ते राखून ठेवलं होतं. शिगेनोरी म्हणाला, मग बायकांच्या मोठ्या कुंडात जा, तेवढाच आईला बदल. आणि हो, निघताना आठवण कर, केंद्राला फोन करून जागा सोडायचीय.

मोठ्या कुंडात एक बागवाली होती, ती या दोघी येताच मान लववून उठली. तामिएने सासूला धुतलं, पाण्यात उतरवलं, पायरीवर नीट टेकवलं, आणि कोणी नाही असं पाहून चार आठवड्यांत पहिल्यांदा स्वतः हनुवटीपर्यंत पाण्यात शिरली. काचेबाहेर बर्फ पडत होता. उमेआजींच्या डोक्यावर घडी केलेला टॉवेल होता आणि चष्मा टोपलीत राहिला होता. त्या पाण्यावरून हात फिरवत होत्या. मग वळून, अनोळखी बाईशी बोलावं तशा अदबीने म्हणाल्या,

"आपण कुठून आलात?"

तामिएने त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारी खरंच ओळखत नव्हती.

"खालच्या गावातून."

"आम्हीही खालचेच. एकट्याच आलात?"

"एकटीच," ती म्हणाली.

"बरं करता. घरी कोण कोण?"

"नवरा. आणि सासू आहे, सत्त्याऐंशीची."

"अगबाई. कटकटी असेल."

"आहे थोडी." तामिए म्हणाली. या पाण्यात तिने इतकी खोटी आयुष्यं सांगितली होती, आणि पहिल्यांदा खरं बोलली ती नेमकं हिच्याशी.

उमेआजी सरकून जवळ आल्या आणि आवाज बारीक केला. "मला सून आहे. वाईट नाही हो. हाताला चव आहे, घर लखलखीत. पण सारखी मागे मागे. जरा संडासात बसावं तर दाराबाहेर उभी, आई झालं का, आई झालं का. बोलत काही नाही, पण तोंड असं करते की घरात मेलंय कोणी." त्यांनी तोंड करून दाखवलं. ते हुबेहूब तामिएचं होतं. "बुधवारी मला न्यायला गाडी येते. तिथे काही चांगलं नाही बरं का. टाळ्या वाजवायला लावतात, आणि भाजी धुवावी तसं धुतात. एकीला मी फटका पण मारलाय. पण मी जाते. आठवड्यातून एक दिवस तिचं तोंड बघायला नको. मलाही सुटका हवी की नको?"

"हवी," तामिए म्हणाली.

"आता काय झालंय कोण जाणे, गाडीच येत नाही. मी सकाळी बूट घालून बसते उंबऱ्यावर."

बसायच्या खऱ्या. चारही बुधवारी बसल्या होत्या, आणि कुंडावर जायची घाई झालीय म्हणून शिगेनोरीने त्यांचा फोटो काढून बहिणीला पाठवला होता. तामिएला आधी राग आला. तेहतीस वर्षांची चाकरी, आणि हिला माझं तोंड नको. मग तो राग पाण्यातच कुठेतरी ओसरला आणि तिला हसू यायला लागलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उमेआजींनी आपल्या डोक्यावरचा टॉवेल काढून तिला दिला आणि म्हणाल्या, रडून घ्या, इथे सगळ्या रडतात, पाणीच तसं आहे.

बाहेर बाकावर शिगेनोरी दुधाची बाटली घेऊन बसला होता. आईला शेजारी बसवून त्याने खिशातून फोन काढला.

"जागा सोडू नका," तामिए म्हणाली.

त्याला वाटलं पुढे बर्फाने रस्ता बंद झाला तर काय, असा ती विचार करतेय. तो म्हणाला की रस्ता बंद झाला तर झाला, आईला इथे किती आवडतं ते दिसतंच आहे.

आता तिच्या हातात सोपं उत्तर होतं. आईंनाच तिकडे जायचंय, त्या मला म्हणाल्या. खरंही होतं, आणि त्याला पटलंही असतं. तिने त्यासाठी तोंड उघडलंही.

"मला हवाय तो बुधवार," ती म्हणाली. "मी आईंसाठी बघायला आले नव्हते. दोन वर्षं दर बुधवारी येत होते. एकटी. मला एकटीलाच यायचंय."

शिगेनोरीने बाटली बाकावर ठेवली. त्याने विचारलं, "डॉक्टरांनी सांगितलंय का?" त्याच्या आवाजात जवळजवळ विनवणी होती.

"नाही. कोणी सांगितलेलं नाही."

"मग ताईला काय सांगू मी?"

ताईचा फोन येणारच होता, आणि त्यानंतर पंधरा बायकांचा. तिने त्याच्या हातातून फोन घेतला आणि केंद्राला लावला. जागा ठेवा म्हणाली. पलीकडच्या बाईने विचारलं, पुन्हा सुरू करायचं कारण काय लिहू? आजींची तब्येत?

"लिहा, सुनेला सुटी हवी."

पलीकडून लिहिल्याचा आवाज आला. बाई म्हणाली की पावणेनऊला गाडी येईल, नेहमीसारखी. शिगेनोरी उठला आणि मोटार गरम करायला बाहेर गेला. तो रागावला होता की विचारात पडला होता, ते पाठमोऱ्या माणसावरून कळलं नाही. सरायीची पोरगी पुढच्या दाराशी सपाता मांडू लागली होती. निघायची वेळ झाली होती. तामिए वाकून सासूच्या बुटाचे बंद बांधू लागली.

उमेआजी तिच्या केसांकडे बघत होत्या. मघाची कुंडातली बाई त्यांना आठवत होती असं दिसलं, कारण त्यांनी त्याच अदबीने विचारलं,

"पुढच्या बुधवारी येणार ना आपण?"

"येणार," तामिए म्हणाली.

"मला नाही जमायचं," उमेआजी म्हणाल्या. "बुधवारी मला जरा बाहेर जायचं असतं."